पाहिल्याने थबकणारा अणू

किरणोत्सारिता शिकवताना पुष्कळ शिक्षक वर्गात नाण्यांचा खेळ घेतात. शंभर नाणी उधळायची, छापा पडलेली बाजूला काढायची आणि उरलेली पुन्हा उधळायची. पहिल्या फेरीनंतर साधारण पन्नास उरतात, मग पंचवीस, मग बारा-तेरा. आलेख फळ्यावर काढला की अर्धायुष्य म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. या खेळातली खरी मेख ही, की नाण्याला आठवण नसते. तीन फेऱ्या तगून राहिलेले नाणे चौथ्या फेरीत पहिल्या फेरीइतकेच कोरे असते. रेडियमचे अणुकेंद्रही असेच. ते कालचे असो की हजार वर्षांपूर्वीचे, पुढच्या तासात फुटण्याची त्याची शक्यता तीच. साहजिकच, मध्येच थांबून आपण नाणी मोजली किंवा नाही मोजली, याने काही बिघडत नाही.

हा नियम प्रथम हाती लागला तो १९०० साली. कॅनडातील माँट्रियल येथे अर्नेस्ट रदरफर्ड थोरियममधून निघणाऱ्या किरणोत्सारी वायूवर काम करत होते. या वायूची सक्रियता दर मिनिटाला जवळजवळ निम्मी होते असे त्यांना आढळले. पुढे फ्रेडरिक सॉडी यांच्या सहकार्याने त्यांनी तो नियम सर्व किरणोत्सारी द्रव्यांना लावला आणि १९०५ मध्ये एगॉन फॉन श्वाइडलर यांनी त्याचा अर्थ संभाव्यतेच्या भाषेत सांगितला. आज तो प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. गेल्या शतकभरात लाखो मोजमापांत तो खरा ठरला आहे.

आणि तरीही काटेकोरपणे पाहिले तर तो बरोबर नाही. तो जिथे चुकतो तिथेच मोजमाप आणि मोजली जाणारी वस्तू यांच्या नात्याची एक विलक्षण कथा सुरू होते.

जॉर्ज गॅमो यांनी, तसेच स्वतंत्रपणे रोनाल्ड गर्नी आणि एडवर्ड काँडन यांनी १९२८ मध्ये अल्फा-क्षयाचे स्पष्टीकरण पुंजयामिकीने, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सने दिले. १९३० मध्ये व्हिक्टर वाइसकॉफ आणि युजीन विग्नर यांनी उत्तेजित अणू प्रकाश टाकून खाली कसा येतो याचे गणित मांडले. त्यातूनही रदरफर्ड यांचाच नियम निघाला, पण वाटेत एक अदमास करावा लागला. अणूभोवतीच्या प्रारणाला स्वतःची काही आठवण नाही, अणूने दिलेले ते झटकन दूर नेते आणि विसरून जाते, असे धरावे लागले. व्यवहारात हा अदमास उत्तम चालतो. मूळ समीकरणात मात्र तो नाही.

मूळ समीकरण वेगळेच सांगते. पुंजयामिकीत आधी वाढतो तो एक आयाम आणि त्या आयामाचा वर्ग म्हणजे संभाव्यता. अगदी सुरुवातीच्या क्षणांत आयाम काळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून अणूने आपली अवस्था सोडलेली असण्याची संभाव्यता काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. काळ निम्मा केला तर संभाव्यता निम्मी होत नाही, चौथाई होते.

याचा परिणाम काय होतो हे पाहण्यासाठी आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. मुक्तपणे पडणारा दगडही काळाच्या वर्गाच्या प्रमाणातच अंतर कापतो. पहिल्या सेकंदात तो सुमारे पाच मीटर पडेल. आता समजा, दर दशांश सेकंदाने आपण त्याला क्षणभर हातात धरले आणि सोडून दिले. दर खेपेला तो पाच सेंटिमीटरच पडेल. दहा खेपा मिळून अर्धा मीटर. सेकंदात शंभर वेळा धरले तर एकूण पाच सेंटिमीटर आणि हजार वेळा धरले तर पाच मिलिमीटर. दगडाला खाली ओढणारे बल तेवढेच आहे, आपण फक्त दर वेळी त्याची कमावलेली गती काढून घेतो. याउलट, एकसारख्या धारेने गळणारे पिंप कितीदाही बंद-चालू केले तरी गळती जेवढा वेळ चालू राहील तेवढे पाणी जाणारच.

अणूच्या बाबतीत धरून सोडण्याचे काम मोजमाप करते. “तू जागा सोडलीस का?” या प्रश्नाला “नाही” असे उत्तर आले, की तोवर जमलेला आयाम पुसला जातो आणि हिशेब शून्यापासून सुरू होतो. समजा, एका सेकंदात अवस्था सोडण्याची शक्यता शंभरात एक आहे. दर दशांश सेकंदाला विचारले तर प्रत्येक वेळची शक्यता दहा हजारांत एक, आणि दहा वेळांची मिळून हजारात एक. विचारण्याची वारंवारता वाढवत नेली तर ती शून्याकडे जाते. अव्याहत पाहिलेला अणू बदलणारच नाही!

हे कुणाच्या लक्षात आले नव्हते असे नाही. जॉन फॉन न्यूमन यांच्या १९३२ च्या ग्रंथात मोजमापांची मालिका लावून अवस्थेला हवे तिकडे नेता येते, या अर्थाचा निष्कर्ष आहे. संगणकशास्त्राचे आद्य प्रवर्तक ॲलन ट्युरिंग यांनीही १९५४ मधील मृत्यूपूर्वी ही गंमत आपले मित्र रॉबिन गँडी यांच्याकडे बोलून दाखवली होती. १९५७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ लिओनिद खाल्फिन यांनी रदरफर्ड यांचा नियम सर्व काळ तंतोतंत खरा असू शकत नाही हे गणिताने दाखवले. परंतु ही सारी सुटी निरीक्षणे होती. प्रश्नाला नाव आणि धार आली ती १९७७ मध्ये, बैद्यनाथ मिश्र आणि ई. सी. जी. सुदर्शन या दोन भारतीयांच्या निबंधामुळे.

सुदर्शन मूळचे केरळातील कोट्टयमजवळचे. १९५२ ते १९५५ या काळात ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभा यांच्या हाताखाली काम करत होते, मग अमेरिकेत गेले. १९७७ साली ते टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन येथे होते. त्यांच्या व मिश्रांच्या निबंधाच्या शीर्षकातच झेनो होता. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातील हा ग्रीक तत्त्वज्ञ म्हणे, की उडणारा बाण कोणत्याही एका क्षणी एकाच जागी असतो, म्हणजे त्या क्षणी स्थिर असतो, आणि काळ तर क्षणांचाच बनलेला आहे, तेव्हा बाण हलतो कधी? खरे तर कलनशास्त्राने झेनोचे कोडे केव्हाच सोडवले आहे आणि अणूच्या कोड्याशी त्याचे साम्य वरवरचेच आहे. दगडाला तर बाणापेक्षा अधिक हक्क होता! पण नाव आकर्षक होते आणि ते चिकटले.

मिश्र आणि सुदर्शन यांना गणिताच्या उत्तराइतकाच त्यातला विरोध टोचत होता. बबल चेंबरमध्ये अस्थिर कण बुडबुड्यांची रेघ उमटवत जातो. म्हणजे वाटेत जणू सतत त्याची नोंद होत असते, आणि तरीही तो रेघेच्या मध्येच फुटतो. गायगर गणकासमोर ठेवलेले द्रव्यही गणक चालू आहे म्हणून क्षय थांबवत नाही. मग सिद्धान्त चुकला, की “सतत पाहणे” या शब्दांचा आपण लावलेला अर्थ चुकला?

चार्ल्स च्यू यांच्यासह या दोघांनी त्याच वर्षी दिलेले उत्तर असे : वर्गाच्या प्रमाणात वाढण्याचा सुरुवातीचा संथ काळ अतिशय अल्प असतो. अणुकेंद्रातल्या ऊर्जा दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या घरातल्या असतात. प्लांकचा स्थिरांक त्या ऊर्जेने भागला तर काळाचे जे मान मिळते ते एका सेकंदाचे, एकावर एकवीस शून्ये इतके, भाग करावेत तसे असते. बबल चेंबरमधील कण प्रकाशाच्या वेगाने धावला तरी एक दशांश मिलिमीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा सुमारे तीन लाख कोटीवा भाग लागतो. हा काळ आपल्याला सूक्ष्म वाटतो, कणाच्या हिशेबाने तो एक युग आहे. आपण पहिला प्रश्न विचारण्याआधीच संथ काळ संपून रदरफर्ड यांचा नियम सुरू झालेला असतो. तेथून पुढे अणुकेंद्र नाण्यासारखे वागते आणि नाण्याला तुम्ही कितीदा मोजता याची पर्वा नसते.

म्हणजे परीक्षा घ्यायची तर सावकाश बदलणारी वस्तू हवी होती. ती १९८० नंतरच्या आयन-सापळ्यांनी दिली. विद्युत व चुंबकीय क्षेत्रांच्या साहाय्याने निर्वातात तरंगत ठेवलेले आयन लेसरने थंड करून तासन् तास राखता येऊ लागले. १९८६ मध्ये तीन गटांनी एकेकट्या आयनावर लेसर रोखून तो चमकताना, एकाएकी अंधारताना आणि पुन्हा चमकताना पाहिला. पुंजउडी अशी प्रथमच डोळ्यांसमोर आली. चमकला तर एका अवस्थेत, अंधारला तर दुसऱ्या, असा मोजमापाचा साधा प्रकारही हाती आला.

अमेरिकेतील बोल्डर येथील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेत वेन इटानो, डॅनियल हाइन्झन, जॉन बोलिंजर आणि डेव्हिड वाइनलँड यांनी १९९० मध्ये हाच प्रकार वापरला. सापळ्यात बेरिलियमचे सुमारे पाच हजार आयन होते. त्यांना एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेण्यासाठी ३२० मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या रेडिओलहरी लावल्या. या लहरींचे बल असे जुळवले होते की २५६ मिलिसेकंदांत, म्हणजे पाव सेकंदाहून किंचित अधिक काळात, सर्व आयन दुसऱ्या अवस्थेत पोचावेत. मध्ये कुणी दखल घेतली नाही तर ते तसे पोचतही. आता या काळात ठरावीक अंतराने लेसरचे तोकडे झोत टाकायचे. पहिल्या अवस्थेतला आयन त्या प्रकाशात चमकतो, दुसऱ्यातला चमकत नाही.

सिद्धान्ताप्रमाणे शेवटी दुसऱ्या अवस्थेत सापडणाऱ्या आयनांचे प्रमाण एका झोताला शेकडा १००, दोन झोतांना ५०, चारला ३७.५, आठला सुमारे २३, सोळाला १३, बत्तीसला ७ आणि चौसष्ट झोतांना ४ हून कमी यायला हवे. प्रत्यक्षात झोताला लागणारा अडीच-एक मिलिसेकंदांचा वेळ हिशेबात धरला की प्रयोग आणि सिद्धान्त जुळले. चौसष्ट झोतांखाली बहुतेक आयन होते तिथेच राहिले. रेडिओलहरी साऱ्या वेळ चालूच होत्या.

या प्रयोगातील एक तपशील वर्गात आवर्जून सांगावा असा आहे. मधल्या झोतांच्या वेळी आयनांनी टाकलेला प्रकाश कुणी नोंदवलाच नव्हता. मोजणी फक्त शेवटी झाली. म्हणजे मधली “मोजमापे” कुणी पाहिली नाहीत, आयन मात्र थबकले. पुंजयामिकीत निरीक्षकाच्या मनाचा पदार्थावर प्रभाव पडतो, अशी विधाने व्यासपीठांवरून आणि पुस्तकांतून आजही ऐकू येतात. या प्रयोगात मनाला करण्यासारखे काम कुठे होते ते दाखवून द्यावे! आयन कोणत्या अवस्थेत आहे याची खूण प्रकाशाबरोबर बाहेर गेली एवढे पुरेसे होते. ती कुणी वाचली की नाही याने काही फरक पडत नव्हता.

टीकाही झाली. लेस्ली बॅलेंटाइन यांनी १९९१ मध्ये लिहिले की लेसरचा झोत हा आयनाला बसलेला एक जोरदार धक्का आहे. तो समीकरणात घातला की तेच उत्तर मिळते, त्यासाठी “मोजमापाने अवस्था कोसळली” असे म्हणण्याची गरज नाही. बोल्डरच्या गटालाही हे अमान्य नव्हते. दोन्ही वर्णने एकच आकडे देतात. माझ्या मते अधिक वजनदार आक्षेप दुसरा होता. रेडिओलहरींनी आयनाला दोन पायऱ्यांवर खाली-वर नेणे आणि अस्थिर वस्तूने आपणहून कायमचे निघून जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत बाहेरच्या जगाचा संबंध केवळ लेसरपुरता. दुसरीत वस्तू मुळातच खुली असते, बाहेर एक अफाट जग असते आणि जे त्यात जाते ते परत येत नाही. मिश्र आणि सुदर्शन यांचे कोडे होते ते या दुसऱ्या प्रकारचे.

त्याचे प्रायोगिक उत्तर आले ते ऑस्टिनमधूनच. मार्क रायझन यांच्या गटाने सोडियमचे थंड केलेले अणू समोरासमोरच्या दोन लेसर-किरणांनी बनलेल्या प्रकाशाच्या खाचांत बसवले आणि त्या खाचा वेगाने पुढे ओढल्या. वेग घेणाऱ्या टेम्पोतून पोती मागे सांडावीत तसे काही अणू खाचेची भिंत भेदून मागे पडत. येथे संथ काळ काही मायक्रोसेकंदांचा, म्हणजे मोजण्याच्या आवाक्यातला होता. १९९७ मध्ये त्यांनी दाखवले की उरलेल्या अणूंचा आलेख सुरुवातीला जवळजवळ सपाट राहतो, मग एकदम घसरतो आणि त्यानंतर रदरफर्ड यांच्या वळणावर येतो.

२००१ मध्ये त्यांनी मध्ये मध्ये ओढ कमी करून, कोण मागे राहिले आणि कोण आत आहे हे वेगळे काढले. हे झाले मोजमाप. दर सुमारे एक मायक्रोसेकंदाने ते केले तेव्हा गळती मंदावली. दर सुमारे पाच मायक्रोसेकंदांनी केले तेव्हा मात्र मोजमाप न करता होते त्यापेक्षा ती वाढली! एकाच यंत्रात, एकाच अणूंवर, नुसत्या मोजण्याच्या अंतराने क्षय एकदा आवरला गेला आणि एकदा पळवला गेला. दुसऱ्या प्रकाराला प्रति-झेनो परिणाम म्हणतात.

हा उलटा प्रकार अनपेक्षित नव्हता. इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे अब्राहम कोफमन आणि गेर्शोन कुरित्सकी यांनी २००० साली असे मांडले होते की निसर्गात बहुतेक ठिकाणी वारंवार मोजल्याने क्षय वाढण्याचीच शक्यता अधिक, थांबणे हा अपवाद. कारण समजायला जुना ट्रान्झिस्टर रेडिओ आठवावा. काटा नेमका एका जागी लागला तर तेथे केंद्र असेल तरच आवाज येतो. काटा ढिला असेल तर आजूबाजूची केंद्रेही ऐकू येतात. अणूची ऊर्जापातळी हा काटा आणि भोवतालचे जग ज्या ज्या ऊर्जा स्वीकारू शकते ती केंद्रे. वारंवार मोजल्याने अणूची ऊर्जा पसरते, काटा ढिला होतो. शेजारी जोरदार केंद्र असेल तर गळती वाढते. काटा इतका ढिला झाला की तो बहुतांशी रिकाम्या पट्ट्यावर पसरतो, तर गळती घटते. अणूचे काय होईल हे एकट्या अणूवर ठरत नाही आणि एकट्या मोजमापावरही नाही. बाहेरचे जग काय स्वीकारायला तयार आहे, तेही पाहावे लागते. रदरफर्ड यांचा नियम खरा ठरतो तो हे बाहेरचे जग अफाट आणि विसराळू असते म्हणून.

त्यानंतर हा परिणाम हत्यार म्हणून वापरात आला. २००६ मध्ये अमेरिकेतील एम. आय. टी. येथे रुबिडियमच्या अतिशीत अणूंवर तुटक आणि अखंड अशा दोन्ही मोजमापांनी तो दाखवला गेला. पॅरिसमध्ये सर्ज हरोश यांच्या गटाने २००८ मध्ये अतिसंवाहक आरशांच्या पोकळीत लहरींचे क्षेत्र वाढवत नेताना त्यातील फोटॉन पुन्हा पुन्हा मोजले, आणि क्षेत्राची वाढ गोठली. २०१२ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल हरोश आणि वाइनलँड यांना मिळून देण्यात आले. सुदर्शन २०१८ च्या मे महिन्यात निवर्तले. तोवर त्यांचे कोडे प्रयोगशाळांतले नित्याचे काम झाले होते.

शेवटी पुन्हा वर्गाकडे. नाण्यांच्या खेळातून हे दाखवता येत नाही, पण फाशांनी येते. अठ्ठेचाळीस मुलांचा वर्ग धरू. प्रत्येकाने तीन फेऱ्या फासा टाकायचा. पहिल्या फेरीत एक पडला तर बाहेर, दुसऱ्या फेरीत एक किंवा दोन पडले तर बाहेर, तिसऱ्या फेरीत तीनपर्यंत काहीही पडले तर बाहेर. सरासरीने तेरा मुले उरतील. आता हाच खेळ मोजमापासह घ्यावा. प्रत्येक फेरीनंतर “कोण राहिले?” असे विचारायचे आणि उरलेल्यांनी पुन्हा पहिल्या फेरीचा नियम लावायचा. या वेळी सुमारे अठ्ठावीस उरतील. मग नियम उलटा करावा : पहिल्या फेरीत तीनपर्यंत, दुसरीत दोनपर्यंत, तिसरीत फक्त एक. न विचारता पूर्वीसारखीच तेरा मुले उरतील, दर फेरीला विचारले तर फक्त सहा. आणि तिन्ही फेऱ्यांना “एक किंवा दोन” हाच नियम ठेवला तर विचारा अथवा विचारू नका, चौदाच्या आसपास उरतील. हा झाला रदरफर्ड यांचा खेळ.

फाशांची मर्यादाही सांगावी लागेल. बाहेर गेलेला मुलगा खेळात परत येत नाही, बोल्डरचे आयन मात्र येत होते. दोन झोतांच्या वेळी पहिल्या झोताला निम्मे आयन गेलेले असतात. दुसऱ्यापर्यंत त्यातले निम्मे परततात आणि राहिलेल्यांपैकी निम्मे जातात. म्हणून शेवटी पन्नास टक्के जागेवर दिसतात खरे, पण एकदाही जागा न सोडलेले त्यात पंचवीसच असतात. चार झोतांसाठी हे दोन्ही आकडे काढण्याचा हिशेब बारावीच्या मुलांना त्रिकोणमितीच्या तासाला द्यायला हरकत नाही. दर वेळी राहण्याची संभाव्यता साडेबावीस अंशांच्या कोज्येचा वर्ग, एवढे सांगितले की बाकीचे ती करतात.